आठवड्याची गोळी रोज दिली गेली, तर जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईंना संधिवाताच्या उपचारासाठी एका खासगी रुग्णालयात सहा दिवस ठेवले होते. घरी सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅमपुढे ‘१-०-०’ असे लिहिले होते, आणि त्याखालच्या ओळीत फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅमपुढे ‘आठवड्यातून एकदा, शनिवारी’ असे लिहिले होते. मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून दहा गोळ्यांची पट्टी आणली, दुकानदाराने पाकिटावर ‘रोज सकाळी १’ असे लिहून दिले, आणि मुलाने नऊ दिवस रोज नाश्त्यानंतर स्वतःच्या हाताने आईंना गोळी दिली. तोंडात फोड आले, गिळता येईना, ताप चढला. दुसऱ्या रुग्णालयात पांढऱ्या पेशी ९०० आणि प्लेटलेट १८,००० निघाल्या. तेथे ल्यूकोव्होरिनची इंजेक्शने दिली गेली. परंतु जंतुसंसर्ग आवरला नाही आणि बाराव्या दिवशी आई गेल्या. शवविच्छेदन झालेले नाही. पहिले रुग्णालय म्हणते की वय झाले होते आणि चूक मेडिकलवाल्याची आहे. मेडिकलवाला म्हणतो की कार्डावर होते तेच दिले. प्रश्नकर्त्यांचे विचारणे असे की जबाबदार कोण, दाद कोठे मागावी, आणि ‘गोळ्या तर मीच दिल्या’ यामुळे आपली बाजू लंगडी पडते का.

मी गेली बावीस वर्षे ग्राहक आयोगांपुढे वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवतो आणि त्याआधी चार वर्षे एका रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर उभा होतो. त्यामुळे हे कार्ड मी आधी फार्मासिस्टच्या नजरेने वाचले आणि मग वकिलाच्या. दोन्ही नजरांना एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच देतात आणि त्याचे दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून जोडीला फॉलिक ॲसिड देतात. या कार्डावर साप्ताहिक गोळी रोजची झाली आणि निरुपद्रवी जीवनसत्त्व साप्ताहिक झाले. कोणत्याही डॉक्टरने विचारपूर्वक असा उपचार ठरवलेला नाही; लिहिताना हात घसरला आहे. तुमच्या प्रकरणाचा सगळा डोलारा या एका फरकावर उभा राहणार असल्यामुळे तो आधी नीट समजून घ्यावा.

डॉक्टरांच्या बचावाचे मुख्य शस्त्र म्हणजे १९५७ च्या इंग्लंडमधील बोलम खटल्यातून आलेली कसोटी. तिचा अर्थ असा की त्या शाखेतील जाणकार डॉक्टरांचा एक जबाबदार गट जी पद्धत योग्य मानतो, ती अवलंबिणारा डॉक्टर केवळ दुसऱ्या गटाचे मत वेगळे आहे म्हणून निष्काळजी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) ही कसोटी आपल्याकडे पक्की केली, आणि ती रास्तही आहे. नाहीतर प्रत्येक अयशस्वी उपचारानंतर डॉक्टरांना कोर्टाची पायरी चढावी लागेल. परंतु ही कसोटी मताला संरक्षण देते, हाताच्या घसरणीला नव्हे. संधिवातात मेथोट्रेक्सेट रोज द्यावे असे म्हणणारा डॉक्टरांचा कोणताही गट अस्तित्वात नाही. म्हणून सामनेवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या, लेखी कैफियतीत (उत्तरात) बोलमचे नाव आले तरी विचलित होऊ नये. ‘हा मतभेद नसून लेखनातील चूक आहे’ हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ठामपणे मांडावे.

हे मी इतके आग्रहाने सांगतो, कारण तक्रारदार नेमके उलट करतात. संताप असतो, आंतरजालावर वाचलेले असते, आणि मग तक्रारीत वीस मुद्दे येतात. ताप आला तेव्हा कोणी फोन उचलला नाही, सिस्टर उद्धट बोलली, अमुक तपासणी केली नाही, तमुक औषध उशिरा दिले, असे ते मुद्दे असतात. त्यांतील पंधरा मुद्दे मतभेदाच्या प्रांतातले असतात, सामनेवाले त्या पंधरांना सविस्तर उत्तर देतात, आणि जो एक मुद्दा अंगावर येणारा होता तो त्या गर्दीत हरवतो.

तुमच्याच कागदांतील एक मोहाचा मुद्दा पाहा. भरतीच्या वेळच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातील घटक, १.१ आहे. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत तो जवळजवळ बसतो, त्यामुळे कोणाच्या डोळ्यांना खुपला नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर मांस कमी असते, क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते, आणि मूत्रपिंड थकलेले असूनही आकडा साळसूद दिसतो. म्हणून वय आणि वजन धरून हिशेब करावा लागतो. रूढ सूत्राप्रमाणे १४० मधून वय वजा करायचे, उत्तराला वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे. आईंचे वय ७८ आणि वजन ४५ किलो. ६२ गुणिले ४५ म्हणजे २,७९०, त्याला ७९.२ ने भागले की ३५ च्या थोडे वर, आणि ०.८५ ने गुणले की मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता येते मिनिटाला सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे बरीच कमी. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. म्हणजे साप्ताहिक मात्रासुद्धा या प्रकृतीला फार जपून द्यायला हवी होती, किंवा द्यावी की नाही याचाच विचार व्हायला हवा होता.

हा मुद्दा खरा आहे, तरीही तो मुख्य आरोप म्हणून मांडू नये असे माझे मत आहे. मात्रा किती जपून द्यायची यावर दोन तज्ज्ञ दोन मते देतील आणि बोलमचे दार उघडेल. त्याचा उपयोग दुसरीकडे आहे. ‘वय झाले होते, शरीर साथ देत नव्हते’ हा बचाव येईल, आणि तो येणारच, तेव्हा हा हिशेब पुढे ठेवावा. वय झाले होते, मूत्रपिंडे थकली होती, हे रुग्णालयाच्या स्वतःच्याच रिपोर्टातून दिसत होते; मग त्या रुग्णाच्या कार्डावर अधिक लक्ष द्यायला हवे होते की कमी? शिवाय नुकसानभरपाईच्या कायद्याचे जुने तत्त्व आहे की इजा करणाऱ्याने इजा झालेल्या व्यक्तीला ती जशी आहे तशी स्वीकारावे लागते. तरुण माणूस कदाचित यातून वाचला असता, हा युक्तिवाद जबाबदारी पुसून टाकत नाही. म्हातारपण नुकसानभरपाईच्या आकड्यावर परिणाम करते, दायित्वावर नाही. वृद्धांच्या प्रकरणांत या दोन गोष्टींची गल्लत अगदी सराईतपणे केली जाते.

आता जबाबदारीची साखळी पाहू. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले हा आपल्याच मातीतला खटला. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ साली एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले, पुण्यात उपचारादरम्यान त्याचा मृत्यू झाला, आणि वडिलांनी, जे स्वतः डॉक्टर होते, दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी, आणि ठरवलेला उपचार प्रत्यक्ष देताना काळजी. तुमच्या प्रकरणात पहिल्या दोन टप्प्यांवर कदाचित सारे ठीक होते. तिसऱ्या टप्प्यावर घात झाला.

डिस्चार्ज कार्ड बहुधा मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेले नसते. ते आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) किंवा शिकाऊ डॉक्टर लिहितात, तेही दुपारी बारा-एकच्या सुमारास, जेव्हा चार नातेवाईक बिलाच्या खिडकीशी आणि चार कार्डासाठी उभे असतात. त्या कार्डावरचे सकाळ-दुपार-रात्रीचे तीन रकाने तर माझ्या मते या चुकीचे अर्धे मूळ आहेत, कारण ‘आठवड्यातून एकदा’ हे त्या तीन रकान्यांत मावतच नाही. पण ही हकिकत कारण म्हणून ठीक आहे, सबब म्हणून नाही. ज्यांच्या नावाने रुग्ण दाखल होता त्या तज्ज्ञांनी काम कनिष्ठाकडे सोपवले तरी जबाबदारी सोपवली जात नाही, आणि रुग्णालय तर आपल्या सर्व कर्मचाऱ्यांच्या चुकीला बांधील आहेच. स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात (१९९८) विषमज्वरासाठी दाखल केलेल्या लहान मुलाला नर्सने भलतेच इंजेक्शन, लॅरियागो, थेट शिरेतून दिले आणि ते मूल मेंदूच्या इजेने कायमचे परावलंबी झाले. तेथे सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरले, मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी स्वतंत्र पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. औषधाच्या चुकीवरचा तो आजही सर्वांत उपयोगी निवाडा आहे. सविता गर्ग खटल्याने (२००४) आणखी एक सोय केली. कार्ड नेमके कोणत्या आरएमओने लिहिले हे तुम्हांला ठाऊक नसले आणि त्याला पक्षकार केले नाही, तरी तेवढ्यावरून तक्रार बाद होत नाही; योग्य काळजी घेतली होती हे रुग्णालयानेच दाखवायचे असते.

मेडिकलवाल्याचे ‘कार्डावर होते तेच दिले’ हे उत्तर ऐकून मला माझे काउंटरवरचे दिवस आठवतात. ते उत्तर किराणा दुकानदाराला शोभते. फार्मसी कायदा १९४८ साली झाला तो याचसाठी की औषध देणारा माणूस चिठ्ठी वाचून समजणारा असावा. औषध नियमावलीतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिली जावीत, आणि २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी चिठ्ठी तपासणे व रुग्णाला समजावून सांगणे ही त्याची कामे म्हणून नोंदवली आहेत. मेथोट्रेक्सेटच्या पुढे ‘१-०-०’ दिसले की फार्मासिस्टचा हात थांबायलाच हवा. पदवीच्या वर्गात हे शिकवतात. एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. या दुकानात त्या वेळी फार्मासिस्ट होता की नुसते त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले होते, हा प्रश्न तुम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, म्हणजे सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे, लेखी विचारावा. बिलावर बॅच क्रमांक, वेळ आणि सही असते किंवा असायला हवी. तपासणीत फार्मासिस्ट गैरहजर आढळला, तर तो अहवाल ग्राहक आयोगात सोन्याच्या मोलाचा ठरतो.

तरीही दोघांत डावे-उजवे करायचे झाल्यास मूळ चूक रुग्णालयाची आहे आणि मेडिकलवाल्याची जबाबदारी ती न पकडण्याची आहे. दोघांनाही सामनेवाले करावे आणि वाटणी आयोगावर सोडावी. ते एकमेकांकडे बोट दाखवतील तेव्हा अडवू नये. रुग्णालयाच्या कैफियतीतले ‘मेडिकलवाल्याने चूक ओळखायला हवी होती’ हे वाक्य चूक झाल्याची कबुलीच असते. दुसऱ्या रुग्णालयाला मात्र चुकूनही सामनेवाले करू नका, कारण त्यांचे कागद हेच तुमचे साक्षीदार आहेत.

त्या कागदांविषयी थोडे सविस्तर सांगतो. शवविच्छेदन न झाल्याने तुम्ही खचल्यासारखे दिसता, पण या प्रकारच्या मृत्यूत रक्ताचे रोजचे रिपोर्ट पुष्कळ बोलतात. पांढऱ्या पेशी ४,००० च्या वर असायला हव्यात त्या ९००, प्लेटलेट दीड लाखाच्या वर असायला हव्यात त्या १८,०००, जोडीला तोंडातील व्रण. हे चित्र अस्थिमज्जा दडपली गेल्याचे आहे. आणि ल्यूकोव्होरिन हे सर्वसाधारण तापावर किंवा अशक्तपणावर द्यायचे इंजेक्शन नव्हे. मेथोट्रेक्सेटचा विषारी परिणाम उतरवण्यासाठी ते वापरतात. म्हणजे दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी मृत्यूपूर्वी, कोणताही वाद नसताना, उपचार करतानाच निदान केले होते. मृत्यूच्या दाखल्यावर केवळ ‘सेप्सिस’ लिहिलेले असले तरी ज्या दिवशी ते इंजेक्शन सुरू झाले त्या दिवसाची डॉक्टरांची नोंद मिळवा.

पहिल्या रुग्णालयाकडून पूर्ण केस पेपर मागा, नुसते कार्ड आणि बिल नव्हे. २००२ च्या वैद्यकीय नीतिमत्ता विनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात आणि त्या तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच रुग्णाचा हा हक्क मान्य केलेला आहे. अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर शिक्का घ्या, शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. केस पेपर आला की सर्वप्रथम वॉर्डातील औषधांचा तक्ता उघडा. मला जे अपेक्षित आहे ते असे. मेथोट्रेक्सेटच्या ओळीत शनिवारच्या रकान्यात सिस्टरची एक खूण असेल आणि बाकीचे रकाने कोरे असतील. तसे असेल, तर रुग्णालयाला योग्य मात्रा ठाऊक होती, त्यांनी स्वतः ती पाळली, आणि चूक वॉर्डातून कार्डावर येताना झाली हे त्यांच्याच कागदावरून सिद्ध होईल. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. किशन राव खटल्यात (२०१०) म्हटले आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही. जेथे चूक उघडी पडलेली असते तेथे ती स्वतःच बोलते. तरीसुद्धा एखाद्या संधिवाततज्ज्ञाचे किंवा औषधशास्त्राच्या प्राध्यापकाचे दोन पानी शपथपत्र जोडावे, म्हणजे अपिलात तोच मुद्दा पुन्हा उकरला जाणार नाही.

दाद मागण्याच्या वाटा तीन आहेत, आणि त्या एकमेकींना पर्याय नाहीत. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने ठरवले आहे, आणि शुल्क विमा कंपनीने भरले असले तरी रुग्ण ग्राहकच राहतो. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी. अधिकारक्षेत्र आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर उपचारासाठी मोजलेल्या, म्हणजे भरलेल्या, रकमेवर ठरते. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. आई हयात नसल्याने कायदेशीर वारस म्हणून तुम्ही तक्रार करू शकता. भावंडे असल्यास त्यांनाही तक्रारदार करावे. मुदत दोन वर्षांची आहे. विलंब माफ होतो, पण त्यासाठी उशिराचे पटणारे कारण द्यावे लागते, आणि ‘आम्ही दुःखात होतो’ एवढे त्याला पुरत नाही.

हेच सरकारी रुग्णालयात, जेथे सर्वांनाच उपचार मोफत असतात, घडले असते तर ग्राहक आयोगाचे दार बंद असते. याचा अर्थ शासन मोकळे सुटते असा नाही. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली प्रसूतीनंतरच्या शस्त्रक्रियेत एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला. अच्युतराव खोडवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनाला जबाबदार धरले. मात्र निकाल लागला १९९६ साली. दिवाणी दाव्याची वाट किती लांब असू शकते ते यावरून लक्षात यावे.

दुसरी वाट महाराष्ट्र वैद्यक परिषदेची. तेथे पैसे मिळत नाहीत. डॉक्टरला ताकीद किंवा काही काळ नोंदणी निलंबन होऊ शकते. या तक्रारीचा फायदा असा की चूक झाली की नाही याची छाननी डॉक्टरच करतात.

तिसरी वाट पोलिसांची, आणि येथे माझे मत, आधी पोलिसांकडे जावे असे म्हणणाऱ्या तुमच्या मेव्हण्यांच्या मताहून वेगळे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारण ठरल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे; नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना तसे घडल्यास ती दोन वर्षांपर्यंत आहे. मेडिकलवाल्याला ही दोन वर्षांची सवलत लागू होत नाही, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. परंतु जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ, अक्षम्य स्वरूपाचा असावा लागतो असे म्हटले आहे, आणि पोलिसांनी पुढे जाण्यापूर्वी निष्पक्ष, शक्यतो सरकारी, डॉक्टरांचे मत घ्यावे असेही सांगितले आहे. कार्ड लिहिताना दोन ओळी उलटसुलट होणे ढोबळ निष्काळजीपणात बसेल का, यावर मी तुमच्या बाजूने पैज लावणार नाही. मत देणाऱ्या डॉक्टरांच्या समितीने ‘निष्काळजीपणा आढळला नाही’ असा अभिप्राय दिला, तर तोच कागद ग्राहक आयोगात तुमच्याविरुद्ध फडकवला जातो. म्हणून आधी ग्राहक तक्रार, आणि फौजदारीचा विचार पूर्ण केस पेपर हाती आल्यावर करावा. त्यात खाडाखोड किंवा मागाहून घुसवलेल्या नोंदी आढळल्या, तर मात्र माझा सल्ला बदलेल.

भरपाई किती मिळेल याबद्दल स्पष्ट बोलतो. डॉ. कुणाल साहा प्रकरणात, जेथे दीर्घकाळ टिकणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन दिवसातून दोनदा दिले गेले होते, २०१३ साली सहा कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली, आणि तेव्हापासून प्रत्येक पक्षकाराच्या तोंडी कोटींची भाषा असते. तेथे मृत्यू तरुण, उच्चशिक्षित व्यक्तीचा होता. अपघाताच्या दाव्यांत वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणून भरपाई काढतात तो गुणक ६५ वर्षांपुढे पाचावर येतो, आणि गृहिणीचे उत्पन्न तर काल्पनिकच धरतात. या हिशेबाने वृद्धांचे आयुष्य स्वस्त ठरते, आणि मला तो मान्य नाही. वैद्यकीय प्रकरणांत गुणकाची पद्धत आंधळेपणाने लावू नये असे साहा निकालातच म्हटले आहे, तो आधार अवश्य घ्यावा. दुसऱ्या रुग्णालयाचा सर्व खर्च, आईंना झालेल्या यातना, तुमचा मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च हे शीर्षकवार मांडावे. आकडा असा ठेवावा की त्यातील प्रत्येक रुपयाचे उत्तर देता येईल. रुग्णालयाची विमा पॉलिसी असेल आणि त्यामुळेच विमा कंपनीला विचारल्याशिवाय त्यांना तोंडाने चूक कबूल करता येत नसेल. तुम्हांला भेटलेला थंडपणा काही अंशी त्यातून आलेला असतो. आयोगाने मध्यस्थीकडे पाठवले तर जरूर जावे; अनेकदा खरी माफी तेथेच, बंद दाराआड, मिळते.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटते तुमच्यासाठी पहिला आहे. घरच्यांची चूक कायद्यात धरली जाते, हे खरे. माझ्या काउंटरच्या दिवसांत एक गृहस्थ वडिलांसाठी इन्सुलिनची साधी सिरिंज मागायला आले. पेन मोडला होता, म्हणून पेनातल्या काडतुसातून सिरिंजने औषध काढून ते दोन दिवस देत होते. काडतुसात एका मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि त्यांची लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटच्या बाटलीसाठी होती. वीसच्या खुणेपर्यंत भरले की प्रत्यक्षात पन्नास युनिट जात होते. वडील रात्री घामाने भिजत होते आणि घरचे पंखा वाढवत होते. ते वेळीच आले म्हणून निभावले. तेथे काही विपरीत घडले असते तर जबाबदारीचा मोठा वाटा कुटुंबाकडे आला असता, कारण ती युक्ती त्यांची स्वतःची होती. तुमचे तसे नाही. तुम्ही युक्ती केली नाही, मात्रा वाढवली नाही, दुसऱ्याच्या सल्ल्याने औषध बदलले नाही. तज्ज्ञाने लिहिलेली सूचना तुम्ही अक्षरशः पाळली, आणि ती पाळणे हेच तुमचे काम होते. फॉलिक ॲसिड शनिवारीच दिले, हेही तुम्ही कळवले आहे. सूचना किती नेमकेपणाने पाळल्या जात होत्या याचा तो पुरावा आहे.

त्या पट्टीतील उरलेली एक गोळी, दुकानदाराच्या अक्षरातील पाकीट आणि मूळ कार्ड एका लखोट्यात घालून त्यावर तारीख व सही करा आणि मूळ कागद कोणालाही, मला किंवा दुसऱ्या वकिलालासुद्धा, पोच घेतल्याशिवाय देऊ नका. उलटतपासणीत समोरचे वकील बहुधा पहिलाच प्रश्न विचारतील, ‘रोज गोळी तुम्हीच देत होता, हे खरे आहे का?’ त्यावर मान खाली घालू नका. ‘हो, नऊ दिवस, कार्डावर लिहिल्याप्रमाणे’ एवढेच सांगा, आणि ते कार्ड आयोगासमोर ठेवायला सांगा.